दारातली जुनी जिप्सी, तिचं घर आणि तिचे कागद

सुट्ट्या जवळ आल्या की घरात एक जुना विषय निघतोच. मागच्या अंगणात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी असलेली ती गाडी. कुणाच्या बाबांनी लष्कराच्या किंवा वनखात्याच्या नोकरीत असताना घेतलेली, कुणाच्या सासऱ्यांनी शेतावर जायला म्हणून घेतलेली. आई म्हणते, भंगारात द्या, जागा अडते. मुलगा मोबाइलवर परदेशातल्या कॅम्पर गाड्या बघत असतो आणि म्हणतो, आपण हिचं घर करू या. या वेळी त्या मुलाच्या बाजूने बोलायचं ठरवलंय. पण आईचंही ऐकायचं आहे, कारण तिचा मुद्दा पैशाचा आहे आणि तो खराच असतो.

उदाहरणासाठी मारुती जिप्सी घेऊ या. सुझुकीच्या लांब जिम्नीवर बेतलेली ही गाडी १९८५ मध्ये आपल्याकडे आली. आधी ९७० सीसीचं छोटं इंजिन होतं, १९९६ मध्ये ‘जिप्सी किंग’बरोबर १.३ लिटरचं आलं, आणि २००० च्या सुमाराला कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय आलं. गेल्या दशकाच्या शेवटी तिची सर्वसाधारण विक्री थांबली. पण लष्कर, पोलीस आणि जंगल सफारी यांनी ती इतकी वर्षं वापरली की सुटे भाग अजून मिळतात आणि तिचं पोट उघडून बसलेला मिस्त्रीही बहुतेक शहरांत सापडतो. जुन्या गाडीच्या बाबतीत हे फार मोठं भाग्य आहे. देखणी परदेशी गाडी घेऊन एका रबरी सीलसाठी चार महिने थांबण्यापेक्षा हे बरं.

आता आधी कागद. हे वाचून कंटाळा येईल हे माहीत आहे, पण पाना हातात घेण्याआधी आरसी हातात घ्या.

पहिली गोष्ट, गाडी कुणाच्या नावावर आहे? पुष्कळ घरांत ती अजून गेलेल्या वडिलांच्याच नावावर असते. नियमाप्रमाणे मालकाच्या निधनानंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर गाडी करून घ्यायची असते. वर्षं उलटून गेली असतील तरी काम होतं, फक्त वारस दाखला, भावाबहिणींची संमती आणि दंड एवढी पायपीट वाढते. ती आत्ताच करा. गाडीवर लाखभर रुपये खर्च झाल्यानंतर ‘ही माझीसुद्धा होती’ असं कुणी म्हणायला नको.

दुसरी गोष्ट, गाडी कुठली आहे? बदलीच्या नोकरीमुळे आपली माणसं इंदूर, वडोदरा, हैदराबाद, बेळगाव, दिल्ली अशी विखुरलेली. गाडी एका राज्यात नोंदलेली आणि बारा महिन्यांहून जास्त काळ दुसऱ्या राज्यात राहिली, तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधीच्या आरटीओची एनओसी लागते. दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर पट्ट्यात राहणाऱ्यांनी आणखी सावध राहायला हवं. तिथे १० वर्षांवरचं डिझेल आणि १५ वर्षांवरचं पेट्रोल वाहन रस्त्यावर आणण्याविषयी न्यायालयांचे आदेश आहेत आणि त्यांत वेळोवेळी बदलही होत आले आहेत. एक रुपया खर्च करण्याआधी ताजी स्थिती विचारून घ्या. गाडी नाशिकच्या मामांकडे ठेवून तिथेच काम करणं हा काहींसाठी शहाणपणाचा मार्ग ठरेल.

तिसरी गोष्ट, नोंदणी. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. चारचाकीसाठी केंद्राचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालं, आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते १०,००० झालं. काही राज्यांत त्यावर पर्यावरण कर वेगळा. या तपासणीत चेसिस नंबरचा पेन्सिलने उमटवलेला ठसा घेतात. म्हणून डेंटिंगला गाडी देताना त्या जागेवर जाड ग्रीस लावून वर टेप चिकटवा आणि मिस्त्रीला बजावून सांगा. गंज घासण्याच्या उत्साहात ग्राइंडर त्या आकड्यांवरून फिरला, तर गाडी चोरीची नाही हे सिद्ध करत बसावं लागेल.

बरेच जण विचारतात, ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवली तर? त्या मोहात पडू नका. २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली गाडी. जिप्सी तिथे बसतच नाही. पण समजा, तुमच्याकडे १९६०-७० च्या दशकातली जीप आहे. तरी व्हिंटेज नोंदणी मिळालेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. मुलांना घेऊन चार राज्यं फिरायचं स्वप्न असेल, तर साधी नोंदणीच हवी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी दिसेल असा बदल परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. छत कापून उंच करणं, चेसिस लांबवणं, दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवणं, सीटं काढून टाकणं हे सगळं यात आलं. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते.

मग घर करायचं कसं? माझं उत्तर सोपं आहे: घर गाडीत बांधू नका, घर गाडीत ठेवा. पलंग, स्वयंपाकाची पेटी, पाणी, बॅटरी या सगळ्याला सामान समजा. चार नट सोडले की बाहेर निघालं पाहिजे. जिप्सीच्या मागची समोरासमोरची बाकं जागेवरच राहू द्या. दोन बाकांच्या मधल्या पोकळीवर फळ्या टाकल्या की सपाट बैठक तयार होते आणि फळ्यांखाली सामानाला जागा मिळते. उंच माणसाचे पाय त्यात मावणार नाहीत. म्हणून पुढची सीटं पुढे सरकवून त्यांच्या पाठीवर टेकेल अशी एक घडीची फळी जोडा. आपल्या गाडीत नेमकी किती लांबी मिळते ते टेपने मोजा, इंटरनेटवरच्या मापांवर जाऊ नका. असं केलं की आरसीतली आसनसंख्या तीच राहते, तपासणीच्या दिवशी सगळं बाहेर काढून गाडी नेता येते, आणि सोमवारी त्याच गाडीतून भाजीही आणता येते.

यानंतर लोखंड. इथे घाई करणारे सगळ्यात जास्त पस्तावतात, कारण पलंग-पडदे करायला मजा येते आणि गंज खरवडायला येत नाही.

जिप्सी कुठे गंजते ते ठरलेलं आहे: ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा, बॉडी चेसिसवर जिथे टेकते त्या जागा, पुढच्या काचेची चौकट, मागच्या चाकांच्या कमानी, आणि चेसिसचा मागचा भाग जिथे पाट्यांची टोकं अडकलेली असतात. कोकण, गोवा, चेन्नई असा खाऱ्या वाऱ्याचा इतिहास असेल तर दुप्पट बारकाईने बघा. साधन म्हणाल तर एक लोहचुंबक, एक छोटी हातोडी आणि एक जुना स्क्रू-ड्रायव्हर. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे. हातोडीचा आवाज ‘टण्ण’ आला तर ठीक, ‘थप’ आला तर टोचून बघा. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने काढून, गंज-रूपांतरक लावून, प्राइमर मारता येतो आणि हे काम घरी होतं. भोक पडलं असेल तर तो तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करणं एवढाच उपाय. वरून लांबी थापून रंग मारला की दोन पावसाळ्यांत फुगा येतो. चेसिसच गेली असेल, तर आईचं म्हणणं मान्य करा. भावना बाजूला ठेवून गाडी भंगारात द्यायची ही एकमेव वेळ.

घरी गाडीखाली शिरणार असाल तर एक नियम सगळ्या घराला पाठ असू द्या: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. सपाट, टणक जमीन, चाकांना ओट, आणि चेसिसखाली घोड्या. मातीच्या अंगणात घोडीखाली जाड फळी ठेवा, नाहीतर ती रुतते.

मग ब्रेक. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून बसलेलं असतं, आतले सिलिंडर गंजतात, रबरी नळ्या बाहेरून चांगल्या दिसतात पण आतून फुगून बुजतात. रबराचा प्रत्येक भाग नवा घाला. हे काम माहितगार मिस्त्रीकडूनच करून घ्या, घरी शिकण्याची ही जागा नव्हे. टायरच्या बाजूला ठोकलेले चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी कितीही शाबूत असली तरी दहा वर्षांचं टायर घाटात नेऊ नका.

इंधनाचं एक नवं दुखणं आहे. आता देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या जिप्सीतल्या रबरी नळ्या, कार्ब्युरेटरचे वॉशर आणि डायफ्रॅम त्यासाठी बनलेले नव्हते. इथेनॉलने ते फुगतात, कडक होतात, चिरतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे अर्धी रिकामी टाकी उभ्याउभ्या आतून गंजते. म्हणून टाकी उतरवून साफ करा, टाकीपासून इंजिनापर्यंतच्या सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या, फिल्टर नवा घाला, आणि गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर तिच्यात जुनं पेट्रोल सोडू नका. गाडीत झोपायचं आहे, आणि पेट्रोल गळणाऱ्या गाडीत कुणी झोपत नाही.

फोर-व्हील ड्राइव्हकडे या. जिप्सीची पद्धत ‘पार्ट-टाइम’ आहे. म्हणजे दांडा ४एच किंवा ४एल मध्ये टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा थोडं जास्त अंतर कापतात. माती-वाळूत चाक जरा घसरून तो फरक भरून काढतं. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते, मग सगळा ताण गिअरांवर आणि क्रॉसवर येतो. म्हणून हायवेवर टू-व्हीलच. आणि उलट, वर्षभर दांडा हलवलाच नाही तर तो अडकून बसतो. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर थोडं अंतर ४एच मध्ये चालवा. या गाडीचा खास अवगुण म्हणजे पुढच्या चाकांमागचे गोल नकल. त्यांचं सील फाटलं की काळं तेल चाकावर ओघळतं आणि किंगपिनचे बेअरिंग झिजले की ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागतं. मिस्त्री चाकं बॅलन्स करून देईल, थरथर थांबणार नाही. बेअरिंग बघायला सांगा. पाट्यांचे रबरी बुश बदलले तरी गाडीची चाल निम्मी सुधारते. (इंदूर-भोपाळकडे पाट्यांना कमानी म्हणतात, दुकानात तोच शब्द वापरा, नाहीतर दुकानदार लाकडी पाट शोधायला लागेल.)

आता गाडीच्या पोटात किती मावतं, याचा हिशोब. जागेपेक्षा वजन आधी संपतं, ही गोष्ट कुणीच सांगत नाही. १.३ लिटरच्या जिप्सीचं रिकामं वजन साधारण एक टन, आणि माणसं-सामान धरून तिची मर्यादा १,६०० किलोच्या आतबाहेर. म्हणजे हातात सहाशे किलोच्या आसपास. आई-बाबा आणि एक मूल मिळून १६०. पाणी ६० लिटर म्हणजे ६० किलो. कपडे-अंथरूण ५०, शिसे-आम्लाची मोठी बॅटरी ३०, छोटा फ्रिज १५, शिधा-भांडी २०, हत्यारं २५. झाले ३६०. प्लायवूडची आठ बाय चारची १८ मिलिमीटरची एक शीट पस्तीस किलोच्या घरात जाते. दोन शीटांचा पलंग म्हणजे सत्तर. ४३० झाले. त्यावर छतावरचा तंबू ५५ आणि कॅरिअर २५ चढवलं की ५१० आणि गाडी जवळजवळ भरली. अजून आजी यायच्या आहेत.

म्हणून १८ ऐवजी १२ मिलिमीटरचं प्लाय घ्या आणि खाली पट्ट्यांचा आधार द्या, वीस-बावीस किलो वाचतात. छतावरच्या तंबूचा मोह मात्र या गाडीसाठी तरी टाळा, असं माझं स्पष्ट मत आहे. जिप्सी अरुंद आणि उंच आहे. डोक्यावर ऐंशी किलो चढवून घाटातल्या वळणावर तिची परीक्षा कशाला? साधा जमिनीवरचा तंबू पाच-सहा किलोंचा असतो. मुलं त्यात आनंदाने झोपतात, मोठे दोघं गाडीत.

विजेचं काम घरात कुणाला हौस असेल तर घरी होण्यासारखं आहे. गाडीची मूळ बॅटरी फक्त गाडी सुरू करण्यासाठी. दिवे, पंखा, फ्रिज यांच्यासाठी दुसरी. १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सुमारे १,२८० वॉट-तास देते आणि वजनाला बारा-तेरा किलो भरते. तेवढ्याच क्षमतेची शिसे-आम्लाची बॅटरी अडीच पट जड, आणि तिच्यातली निम्मीच वीज वापरावी, नाहीतर ती लवकर दगावते. ४५ वॉटचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाचा साधारण तिसरा हिस्सा चालतो, म्हणजे ३६० वॉट-तास. दिवे, पंखा, मोबाइल मिळून दीडशे धरा. १५० वॉटचं सौर पॅनल चांगल्या उन्हाच्या चार तासांत ६०० वॉट-तास देतं. हिशोब बसला. जुन्या जिप्सीचा अल्टरनेटर लहान आहे, लिथियम बॅटरी थेट जोडली तर ती त्याच्याकडून पेलणार नाही इतका करंट ओढते. मध्ये २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवा.

बारा व्होल्टला तार जाड लागते, हे घरचं वायरिंग केलेल्यांच्या लक्षात येत नाही. चार मीटर लांब असलेल्या लोडला १० अँपिअर न्यायचे असतील, तर २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत जाऊन-येऊन अर्ध्या व्होल्टहून जास्त गळती होते आणि फ्रिज ‘बॅटरी कमी’ म्हणून बंद पडतो. ६ चौरस मिलिमीटरची घेतली की ती पाव व्होल्टवर येते. प्रत्येक तारेला स्वतःचा फ्यूज, आणि मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. बॅटरी बॉनेटखालच्या उष्णतेत ठेवू नका. आणि स्पिती-लडाखला जाणार असाल तर शून्याखाली गेलेली लिथियम बॅटरी चार्ज करू नका, ती कायमची खराब होते.

स्वयंपाक गाडीच्या बाहेर. यावर घरात वाद होईल, पाऊस असेल तेव्हा काय, असं विचारलं जाईल. पाऊस असेल तेव्हा मागच्या दारावर ताडपत्री ओढा, पण शेगडी आत नको. एलपीजी हवेपेक्षा जड आहे, गळाला तर तो खाली फळीच्या पातळीला, तुमच्या नाकाजवळ साठतो. आणि थंडीत उबेसाठी कोळशाची शेगडी आत घेणं किंवा इंजिन चालू ठेवून एसी-हीटर लावून झोपणं तर कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो छताला नाही तर उशीच्या उंचीवर लावा, आणि दोन बाजूंच्या काचा बोटभर उघड्या ठेवा. त्याने सकाळी काचांवरून ठिबकणारं पाणीही कमी होतं. धावत्या गाडीत मुलं पलंगावर लोळत नाहीत, सीटवर पट्टा लावून बसतात, हेही पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

खर्चाचा आकडा मी मुद्दाम देत नाही, कारण तो गंजावर अवलंबून आहे. पण क्रम सांगते. आधी कागद, मग पत्रा आणि चेसिस, मग ब्रेक-टायर, मग इंधन आणि इंजिन, मग चारही चाकांची यंत्रणा, आणि सगळ्यात शेवटी घर. प्रत्येक टप्प्याचे पैसे वेगळे ठेवा आणि एक टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढच्याची खरेदी करू नका. पडद्यांचं कापड तर मुळीच नको. खोलताना प्रत्येक भागाचा फोटो, नटबोल्ट छोट्या पिशव्यांत, वर चिठ्ठी. हे काम घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला द्या, ते आपल्यापेक्षा नीट करतात. आजोबा असतील तर त्यांना खुर्ची टाकून शेजारी बसवा. कुठला बोल्ट उलट्या आट्याचा आहे हे त्यांनाच आठवतं.

सगळं झालं की पहिली रात्र घराच्या अंगणातच काढा, शक्यतो पावसाची. वही-पेन्सिल उशाशी ठेवा. पाणी कुठून आत येतं, कुठली फळी करकरते, रात्री दोनला शौचाला जाताना कोण कुणाच्या अंगावरून जातं, बॅटरी सकाळी किती उरली, ते लिहून काढा. दुसरी रात्र पन्नास किलोमीटरच्या आत, जिथे ओळखीचा मिस्त्री फोनवर येऊ शकतो. विमा कंपनीला आतलं सामान आणि दुसरी बॅटरी लेखी कळवून त्यांचं उत्तर गाडीत ठेवा. मग आईला विचारा, कुठे जायचं.